एकशे आठच्या गाडीतला डॉक्टर

वाचकहो, गेल्या महिन्यात पेणहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्र रागाने लिहिलेले होते आणि तो राग समजण्यासारखा होता. त्यांचे वृद्ध वडील रात्री न्हाणीघरात पडले. त्यांनी १०८ क्रमांकावर फोन लावला, तर पलीकडून प्रश्नामागून प्रश्न. गाव कोणते, तालुका कोणता, जवळची खूण काय, वय किती, शुद्धीवर आहेत का, श्वास नीट चालला आहे का. ‘वडील फरशीवर पडलेले असताना मी तोंडी परीक्षेला बसले आहे असे वाटले,’ असे त्या लिहितात. गाडी आधी पाठवून प्रश्न नंतर का विचारत नाहीत, असे त्यांनी मला विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे थळला दवाखाना चालवतो. तरीही या प्रश्नाचे उत्तर मला पदरच्या अनुभवातून देता येईना. म्हणून १०८ च्या गाडीवर काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांना विचारले. आपले नाव छापू नये, असे त्यांनीच सांगितले आहे. ते हसून म्हणाले, “सर, त्या ताईंना एवढंच विचारा, थळ म्हणजे कुठलं थळ?”

मला क्षणभर कळले नाही. मग उलगडा झाला. आपण घरातून लावलेला फोन अलिबागला वाजत नाही, तो पुण्यात औंध येथील नियंत्रण कक्षात वाजतो. तिथे बसलेल्या माणसापुढे अवघा महाराष्ट्र असतो. थळ म्हटले की कुणाच्या डोळ्यांपुढे कसाऱ्याचा थळ घाट येईल. आपल्याच रायगड जिल्ह्यात तळा नावाचा तालुका आहे, आणि घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या आवाजात थळ आणि तळा यांतला फरक कितीसा उरतो? तेव्हा ‘अलिबाग तालुक्यातले थळ’ असे म्हटल्यावाचून गाडीला दिशाच मिळत नाही. पुढच्या प्रश्नांवर कोणती गाडी पाठवायची हे ठरते. साध्या गाडीत प्राणवायू आणि प्रथमोपचाराची सामग्री असते. प्रगत गाडीत कृत्रिम श्वासाचे यंत्र आणि बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्रही असते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत होत्या. प्रगत गाडी प्रत्येक दारी येणे शक्य नाही, ती कुणाकडे धाडायची हे त्या चार प्रश्नांवर अवलंबून असते.

ताईंना उत्तर मिळाले असे मी समजतो. पण त्या निमित्ताने या डॉक्टरांशी जे बोलणे झाले, ते आपल्यासारख्या ज्येष्ठांच्या आणि त्यांची सेवा करणाऱ्यांच्या फार उपयोगाचे आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

परदेशात रुग्णवाहिकेतून येणाऱ्या प्रशिक्षित माणसाला पॅरामेडिक म्हणतात. तो डॉक्टर नसतो, पण रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचे यात तो तरबेज असतो. आपल्या राज्यात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेदाची वा होमिओपॅथीची पदवी घेऊन मग तातडीच्या उपचारांचे शिक्षण घेतलेला. त्याच्यासोबत चालक, आणि हे चालकही रुग्ण उचलण्यात मुरलेले असतात. पदवी वेगळी असली तरी काम तेच. या क्षेत्राला आपण मराठीत ‘निमवैद्यकीय’ म्हणतो. हा ‘निम’ मला अलीकडे खटकू लागला आहे. का, ते पुढे सांगतो.

या व्यवसायाची एक मूळकथा आधी सांगण्याजोगी आहे. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या अनेक शहरांत आजारी माणसाला न्यायला शववाहिका तरी येई किंवा पोलिसांची गाडी, आणि रुग्णाजवळ मागे बसायला बहुधा कुणीच नसे. पिट्सबर्गमध्ये पीटर सफार नावाचे भूलतज्ज्ञ होते. बंद पडलेले हृदय आणि श्वास पुन्हा चालू करण्याची आजची पद्धत ज्यांनी घडवली, त्यांतले हे एक प्रमुख नाव. १९६६ साली त्यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. पुढल्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना कुणी नोकरी देत नव्हते अशा तरुणांना त्यांनी महिनोन्महिने शिकवले. ही सेवा १९७५ मध्ये बंद झाली, परंतु तोवर गाडीतला माणूस नुसता हमाल नव्हे, हे तिने दाखवून दिले होते.

मला ते कळायला बराच उशीर झाला. कबूल करतो, कितीतरी वर्षे मी १०८ ला ‘गाडी’ म्हणत आलो. ‘गाडी बोलवा आणि अलिबागला न्या,’ असे नातेवाइकांना सांगून मी मोकळा होत असे. त्या गाडीत बसलेल्या माणसाला मी कधी चिठ्ठीपलीकडे काही सांगितले नाही, त्याला काही विचारलेही नाही.

मग एका आषाढातली रात्र आली. माझे जुने रुग्ण, वय बहात्तर, हृदय दुर्बळ झालेले. मध्यरात्री त्यांच्या घरी गेलो तेव्हा छातीत घरघर, ओठ निळसर, बोलताना एक शब्दही पुरा होईना. फुप्फुसांत पाणी साठले होते. घरच्यांनी त्यांना मायेने आडवे झोपवले होते, आणि ते उठू पाहत तसतसे दोघे मुलगे त्यांना दाबून धरत होते. वाचकहो, हे एवढे ध्यानात ठेवा. हृदयाच्या रुग्णाला दम लागला असेल तर त्याला आडवे करू नका. पाय खाली सोडून, पाठीला उशा देऊन बसवा. तो स्वतः उठून बसू पाहतो ते उगाच नव्हे, आडवे असताना त्याचा श्वास कोंडतो.

अलिबागला तातडीचे उपचार झाले आणि पुढे पनवेलच्या बाजूला न्यायचे ठरले. मुलगे घाबरलेले, म्हणून मी गाडीत बसलो. खरे सांगायचे तर मनात असेही होते, की आपण एम.बी.बी.एस. आहोत, या पोरसवदा डॉक्टरला आपला आधार होईल.

कार्लेखिंड येईपर्यंत माझा भ्रम फिटला. गाडी हलत असते, भोंगा वाजत असतो, पावसाचा टपावर मारा चाललेला असतो. कानात स्टेथोस्कोप लावला तर ऐकू येतो तो इंजिनाचा आवाज. रक्तदाब घ्यायला गेलो तर काही कळेना. तो मुलगा मात्र स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवून मनगटावरच्या नाडीच्या स्पर्शावर वरचा रक्तदाब मोजत होता. सलाइनची सुई निसटली तेव्हा मी हात पुढे केला, दोनदा टोचले आणि दोन्ही वेळा चुकलो. त्याने एक गुडघा स्ट्रेचरच्या दांड्याला टेकवला, दुसरा पाय फळीला रोवला, चालकाला नुसते “दादा, जरा” म्हटले. चालकाने वेग किंचित उतरवला आणि सुई शिरेत गेली. मी बाजूला सरकलो. पोयनाडच्या पुढे मला ओकारी आली, तेव्हा त्याने न बोलता एक पिशवी माझ्या हातात दिली. असे डॉक्टर त्याने पूर्वीही पाहिले असावेत.

वडखळला वाहनांची रांग लागलेली. सुट्टीचे दिवस, मुंबईकरांच्या गाड्या. तिथे त्याने जे केले ते मला कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटले नव्हते. त्याने सिलिंडरचा काटा पाहिला आणि ओठांतल्या ओठांत हिशेब मांडला. आपल्याकडच्या मध्यम सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला १० लिटर दिला तर तो अडीच तास पुरतो, आणि आमचा काटा निम्म्याखाली आला होता. म्हणजे तासभराहून थोडा अधिक वेळ. त्याने बोटावरच्या यंत्रातला आकडा पाहत पाहत प्रवाह हळूहळू कमी केला, जेवढा लागतो तेवढाच ठेवला, दुसरा लहान सिलिंडर हाताशी काढून ठेवला आणि आजोबांच्या कानाशी वाकून सांगितले, “आजोबा, मी इथंच आहे. नाकानं घ्या, तोंडानं सोडा. पेण आलंच.” पेण आलेले नव्हते. आम्ही जागचे हललोही नव्हतो.

‘निम’ या शब्दावर माझा राग तेव्हापासूनचा आहे.

अशा कामात उपचारांइतकेच महत्त्व निरीक्षणाला असते. दवाखान्यात रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा त्याचे घर मागे राहिलेले असते. गाडीतला डॉक्टर मात्र घरात शिरतो, आणि घर पुष्कळ काही बोलते. किहीमच्या बाजूचा एक प्रसंग त्यांनी सांगितला. सकाळी सातला फोन आला. आजोबांची उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. मुलगा म्हणाला, आत्ताच झाले, अर्धा तास झाला असेल. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मुलाला कुठूनसे ठाऊक होते. पण डॉक्टर आत शिरले तेव्हा दुधाची पिशवी फाटकाला तशीच अडकलेली होती, पडवीतला रात्रीचा दिवा जळत होता आणि आजोबांचे अंथरूण ओले होऊन कडेने सुकत आले होते. त्यांनी मुलाशी वाद घातला नाही. आजींजवळ खाली बसून विचारले, “आजी, काल रात्री शेवटचं कधी बोलले हे तुमच्याशी?” आजी म्हणाल्या, “साडेनऊला गोळी घेतली नि झोपले.”

म्हणजे मोजायचा वेळ सातपासून नव्हे, आदल्या रात्री साडेनऊपासून. डॉक्टरांनी कागदावर तेच लिहिले. मुलगा फार चिडला. त्याला वाटले, वडिलांची संधी यांनी घालवली. पण वेळ उलटल्यावर, मेंदूचे पुरेसे चित्र न पाहता ते इंजेक्शन दिले तर मेंदूतच रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शिवाय खरी वेळ सांगितल्याने सगळी दारे बंद होतात असेही नाही. निवडक रुग्णांत स्कॅन पाहून गुठळी नळीवाटे काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंतही करता येतो. तेव्हा अर्धांगवायूची शंका आली की ‘केव्हा दिसले’ हे सांगू नका, ‘शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले’ ते सांगा, आणि ते खरे सांगा. उपचार न झालेल्या अर्धांगवायूत दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा एक अंदाज आहे. म्हणून फोन करायला मुंबईच्या मुलाची परवानगी मिळेपर्यंत थांबू नका. ॲस्पिरिनही आपल्या मनाने देऊ नका, झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे घरात बसून कळत नाही.

दुसरा प्रसंग थोडा सुखाचा. एक आजी, मधुमेहाच्या गोळ्या चालू, एकादशीचा उपवास धरलेला आणि गोळी मात्र नेमाने घेतलेली. दुपारी असंबद्ध बोलू लागल्या, मग डोळे मिटले, एक हात हलेना. घरात ‘लकवा गेला’ म्हणून रडारड. डॉक्टरांनी आधी बोटाला टोचून साखर पाहिली. ती ३४ भरली. शिरेतून ग्लुकोज गेले आणि काही मिनिटांत आजींनी डोळे उघडून विचारले, “एवढी माणसं का जमलीत?” घरच्यांनी डॉक्टरांच्या पाया पडून सांगितले, आता नेऊ नका, बऱ्या झाल्या. इथे ते अडून बसले. काही गोळ्यांचा असर दिवसभर टिकतो, मूत्रपिंडे थकलेली असतील तर त्याहूनही जास्त. साखर वर येते आणि दोन-तीन तासांत पुन्हा कोसळते. आजी चहा पितानाही कुरकुरत होत्या, पण गाडीत बसल्या. एक गोष्ट मात्र त्या घराने चांगली केली होती. बेशुद्ध आजींच्या तोंडात कुणी साखरपाणी ओतले नव्हते. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाते.

आमच्या कोळीवाड्यात गाडी आत जात नाही. गल्ल्या अरुंद, जाळी वाळत घातलेली, मचव्याचे सामान दारात. गाडी बाजारापाशी थांबते आणि तिथून दोघे स्ट्रेचर घेऊन पायी निघतात. गल्लीच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही, तेव्हा खुर्चीत बसवून, तेही न जमल्यास चादरीच्या झोळीत घालून आणायचे. कधी समुद्रावरच तांडेलाच्या छातीत कळ येते. खांदेरी-उंदेरीच्या बाजूने होडी परतते आणि नेमकी ओहोटी असली तर ती किनाऱ्याला लागत नाही. खलाशी चिखलातून पोटरीभर पाण्यात रुग्ण खांद्यावर आणतात, डॉक्टर पँट वर सारून पुढे जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा वाड्यांतल्या नारळी-पोफळी रस्त्यांवर आडव्या झाल्या आणि मोबाइलही मुके झाले. करोनाचे दिवस, अंगात तो प्लॅस्टिकचा पोशाख, आणि हे लोक गावकऱ्यांसोबत झाडे बाजूला सारीत होते.

मी त्यांना विचारले, घरच्या माणसांनी आमच्यासाठी काय करावे? मला वाटले, प्रथमोपचार सांगतील. त्यांनी सांगितले ते अगदी साधे होते. एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा. अंगणातला दिवा लावा. कुत्रा बांधा. चालू औषधे डब्यांतून काढत बसू नका, सगळी एका पिशवीत घालून द्या, जुने कागद त्यातच. दहा जणांनी बोलण्यापेक्षा ज्याने पाहिले त्याने एकट्याने बोला. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला काखेत धरून उभे करू नका, खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. आम्ही येईपर्यंत पांघरूण घाला आणि जवळ बसा. आणि एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी, हे त्यांनी दोनदा सांगितले, रात्री आतून कडी-कोयंडा आणि वर कुलूप असा बंदोबस्त करू नये. एका आजोबांनी फोन तर केला, पण दार उघडायला त्यांना उठता येईना. दार तोडायला पंधरा मिनिटे लागली. बाहेरून किल्लीने उघडेल असे एकच कुलूप लावा आणि एक किल्ली शेजारी द्या.

श्वास थांबला असेल, हाकेला ओ येत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने दाबत राहावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. सत्तरीच्या पत्नीला हे दोन मिनिटांपलीकडे झेपत नाही, म्हणून फोनबरोबरच शेजाऱ्यांना हाक मारा.

इथे त्यांनी एक अवघड गोष्ट काढली, आणि मला वाटते तीच आपण सर्वांत जास्त टाळतो. नव्वदीचे, कर्करोगाने झिजलेले, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेले आजोबा. रात्री श्वास मंदावतो, घरचे घाबरून १०८ लावतात. गाडी आली की डॉक्टरांचे काम ठरलेले, छाती दाबायची. म्हाताऱ्या फासळ्या हाताखाली मोडतात, ते हाताला कळते. एक मुलगा म्हणतो, करा सगळे. मुलगी दारात उभी राहून म्हणते, नका हो, जाऊ द्या बाबांना. “अशा वेळी सर, मी कुणाचं ऐकू?” त्यांनी मला विचारले. आपल्याला अखेरीस कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. पण तो कागद रात्री दोन वाजता कपाटात असतो. हे बोलणे घरात शांतपणी, दिवसाउजेडी आणि आजारी माणसाच्या तोंडून झालेले असले पाहिजे. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही त्या बोलण्यात घ्या. माझ्या रुग्णांच्या घरी मी ते अजून पुरेसे केलेले नाही.

बाराबारा तासांची पाळी, कंत्राटी नोकरी, गाडीला उशीर झाला म्हणून खाव्या लागणाऱ्या शिव्या, क्वचित मारही, हे सगळे त्यांनी दोन वाक्यांत आटोपले. ज्यावर ते अधिक बोलले ते वेगळेच होते. ते म्हणाले, “पुढं काय झालं ते आम्हाला कळत नाही.” रुग्ण दवाखान्याच्या दारात सोपवायचा, कागदावर सही घ्यायची, गाडी धुवायची आणि पुढचा फोन. वाचला की गेला, चालू लागला की अंथरुणाला लागला, कुणी कळवीत नाही. नातेवाइकांना दवाखान्यातल्या डॉक्टरांचे नाव पाठ होते. गाडीतल्या माणसाचा चेहरासुद्धा आठवत नाही.

हे ऐकून मी घरी आलो आणि त्या आषाढातल्या आजोबांची आठवण झाली. ते पंधरा दिवसांनी घरी परतले होते आणि महिनाभर माझ्याकडे तपासणीला येत होते. मी त्यांच्या गोळ्या बदलल्या, मीठ कमी केले, पण त्या डॉक्टरांना एक फोन करणे मला सुचले नव्हते. तो मी त्या संध्याकाळी केला. नाव सांगितले तर त्यांना ओळख पटेना.

“वडखळचे,” मी म्हटले. “सिलिंडरवाले.”

“अरे, ते आजोबा!” आवाज एकदम बदलला. “आहेत?”

“आहेत. काल दवाखान्यात चालत आले.”

“जिना चढतात का, सर?”

“एक मजला. मधे थांबून.”

“थांबू द्या. घाई करू देऊ नका त्यांना,” ते म्हणाले. तेवढ्यात मागे दुसरा फोन वाजू लागला, आणि त्यांनी माझा ठेवला.